तक्त्यात नवा फोन जिंकतोय, मग घ्यायचा का?

प्रश्न: मी घरून ऑनलाइन शिकवण्या घेते. माझा अँड्रॉइड फोन चार वर्षांचा झाला. दुपारपर्यंत बॅटरी संपते, स्टोरेज कायम भरलेलं असतं आणि सलग दोन तास व्हिडिओवर शिकवलं की फोन इतका तापतो की चित्र अडकायला लागतं. गेल्या महिन्यात एका नव्या कंपनीचा फोन बाजारात आला. तो, सॅमसंगचा गेल्या वर्षीचा गॅलक्सी एस, गूगलचा पिक्सेल आणि आयफोन असा चौघांचा मी तक्ता केला. बॅटरी, चार्जिंग, रॅम, मेगापिक्सेल, स्क्रीनचा उजेड, जवळजवळ प्रत्येक ओळीत नवा फोन पुढे आहे, शिवाय किंमत सगळ्यांत कमी. भाऊ म्हणतो, डोळे झाकून घे. माझी सहकारी म्हणते, नव्या कंपनीच्या नादी लागू नकोस. फोन निदान पाच वर्षं वापरायचाय. काय करू?
– तक्ता करून थकलेली वाचक

उत्तर: तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून उत्तरही आधीच देऊन टाकतो. गेल्या वर्षीचा गॅलक्सी एस घ्या. नवा फोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला फोनकडून जे हवंय, त्याबद्दल त्या फोनविषयी आज कुणालाच पुरेसं ठाऊक नाही, एवढंच म्हणतोय. भावाचं आणि सहकारी मैत्रिणीचं, दोघांचंही म्हणणं मला अर्धं पटतं. कोणतं अर्धं, ते सांगतो.

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. मेहनतीने केलाय आणि त्यातले आकडेही बरोबर आहेत. अडचण वेगळीच आहे. चारही रकान्यांत फक्त तीच माहिती आहे जी कंपन्यांनी स्वतः जाहीर केली. गॅलक्सी, पिक्सेल आणि आयफोन यांच्याबद्दल त्यापलीकडची वर्षभराची माहिती उपलब्ध आहे: बॅटरी वर्षानंतर किती टिकते, अपडेट वेळेवर आले का, कोणता भाग आधी बिघडतो, दुरुस्तीला किती दिवस जातात. नव्या फोनपुढे या जागा रिकाम्या राहिल्या असत्या, म्हणून या ओळी तुम्ही घेतल्याच नाहीत. तक्ता करणारे बहुतेक सगळे असंच करतात, कारण चारही घरं भरता येतील अशाच ओळी आपण निवडतो. त्यामुळे मुरलेले फोन जिथे पुढे असू शकतात, नेमक्या त्याच ओळी बाहेर राहतात आणि नवा फोन जिंकतो.

आता तुमची सगळ्यांत मोठी तक्रार बघा. फोन तापतो आणि चित्र अडकतं. तुमच्या तक्त्यात तापण्याबद्दल एकही ओळ नाही. प्रोसेसरचं नाव आहे आणि बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणी-अॅपचा, भलामोठा आकडा आहे, पण तो आकडा थंड फोनने काही मिनिटं जीव तोडून केलेल्या कामाचा असतो. व्हिडिओवर शिकवताना कॅमेरा, स्क्रीन, माइक, नेटवर्क आणि चित्र पाठवण्यासाठी लागणारी सगळी प्रक्रिया एकाच वेळी चालू असते, तीही तास-दोन तास. अशा वेळी प्रोसेसरचा वेग किती, यापेक्षा तयार होणारी उष्णता फोन बाहेर कशी टाकतो हे महत्त्वाचं. उष्णता बाहेर गेली नाही तर फोन स्वतःहून वेग उतरवतो, स्क्रीन मंद करतो, आणि तुमच्या विद्यार्थ्यांना अडकलेलं चित्र दिसतं.

बेंचमार्कवर भिस्त ठेवू नये याला आणखी एक कारण आहे. २०१७ मध्ये वनप्लस ५ बेंचमार्कची अॅप ओळखून तेवढ्यापुरता जास्त वेगाने चालतो, हे तपासणीत उघड झालं. २०२२ मध्ये सॅमसंगच्या फोनमधली एक यंत्रणा इतर हजारो अॅपचा वेग आवरते आणि बेंचमार्कना मात्र मोकळीक देते, असं दिसून आलं. तेव्हा गीकबेंच या बेंचमार्क अॅपच्या कंपनीने गॅलक्सी एस १० पासून एस २२ पर्यंतच्या एस मालिकेतल्या फोनचे आकडे आपल्या यादीतून काढून टाकले. म्हणजे प्रस्थापित कंपन्याही यात आल्याच. तुम्ही शोधायचा तो दीर्घ ताणाच्या चाचणीचा निकाल. थ्रीडीमार्क नावाच्या बेंचमार्क अॅपची अशी एक चाचणी वीस मिनिटं चालते आणि शेवटी मूळ वेगाच्या किती टक्के वेग टिकला ते दाखवते. ती मुख्यतः ग्राफिक्सची चाचणी आहे, तरी फोन उष्णता कशी सोसतो याचा अंदाज देते. सुरुवातीला सगळ्यांत वेगवान असलेला फोन वीस मिनिटांनी निम्म्यावर आला, तर तुमच्या दृष्टीने त्या पहिल्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

इथेच मी पिक्सेल बाजूला ठेवला. फोटोंच्या बाबतीत तो मला फार आवडतो. पण २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर गूगलने स्वतःचा टेन्सर प्रोसेसर आणला, तेव्हापासून पुढच्या काही पिढ्यांत जड काम सलग केलं की फोन तापतो ही तक्रार पुन्हा पुन्हा येत राहिली. अलीकडच्या मॉडेलांत सुधारणा आहे, तरी ज्यांचं पोट दोन तासांच्या व्हिडिओवर अवलंबून आहे त्यांना तो सुचवायला मी कचरतो. आणि मी हे ठामपणे सांगू शकतो, कारण तो फोन कित्येक लोकांनी वर्षानुवर्षं वापरलाय. नव्या फोनबद्दल असं बरंही सांगता येत नाही आणि वाईटही.

गॅलक्सी घेताना मात्र एक गोष्ट सांभाळा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या प्रोसेसरसह विकला जातो. गॅलक्सी एस २४ काही देशांत क्वालकॉम कंपनीचा स्नॅपड्रॅगन प्रोसेसर घेऊन आला आणि बऱ्याच देशांत सॅमसंगचा स्वतःचा एक्सिनॉस घेऊन. एस २५, एस २५ प्लस आणि एस २५ अल्ट्रामध्ये सगळीकडे स्नॅपड्रॅगनच होता. म्हणून रिव्ह्यू वाचताना किंवा बघताना त्यातला फोन तुमच्याकडे मिळणाराच आहे ना, हे मॉडेल नंबरवरून ताडून घ्या. नाहीतर एका फोनची परीक्षा वाचून दुसराच घरी याल घेऊन.

आता सहकारी मैत्रिणीच्या मुद्द्याकडे येतो. नवी कंपनी म्हणजे धोका, हे इतकं सरसकट खरं नाही. वनप्लसचा पहिला फोन २०१४ मध्ये आला आणि दिग्गजांना त्याची दखल घ्यावी लागली. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या कार्ल पेई यांच्या नथिंगने २०२२ मध्ये पहिला फोन आणला आणि कंपनी आजही उभी आहे. उलट उदाहरणंही आहेत. अँड्रॉइडच्या जनकांपैकी एक असलेल्या अँडी रुबिन यांच्या इसेन्शियल कंपनीचा फोन २०१७ मध्ये आला, घडण अप्रतिम होती, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनी बंद झाली. ज्यांनी तो फोन पाच वर्षांच्या हिशेबाने घेतला होता त्यांचे अपडेट तिथेच थांबले. पण मग एलजीचं काय? इतकी जुनी, इतकी मोठी कंपनी एप्रिल २०२१ मध्ये फोनच्या धंद्यातून बाहेर पडल्याचं जाहीर करून मोकळी झाली. तेव्हा कंपनीच्या वयावरून निवाडा करू नका. तिने याआधी विकलेल्या फोनना नंतर कसं सांभाळलं, ते बघा.

आणि फोन पहिल्या महिन्यात दगा देतो तो बहुतेकदा मॉडेल नवं असतं म्हणून, कंपनी कोणतीही असो. सॅमसंगचा नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये विक्रीला आला आणि बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने ऑक्टोबरमध्ये कायमचा बंद करावा लागला. बॅटऱ्या दोन पुरवठादारांच्या होत्या आणि दोन्हींत वेगवेगळे दोष निघाले. आयफोन १५ प्रो सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा तापण्याच्या तक्रारी आल्या, पण अॅपलने ऑक्टोबरच्या सुरुवातीला अपडेट देऊन त्या बऱ्याच अंशी मिटवल्या. पोको एफ१ तुमच्या नव्या फोनसारखाच होता. नवा ब्रँड, महागड्या फोनमधला प्रोसेसर कमी किमतीत, २०१८ चा ऑगस्ट महिना. तक्त्यात तो सगळ्यांना भारी पडला. पण व्हिडिओच्या सुरक्षेचं वाइडवाइन एल१ प्रमाणपत्र त्यात सुरुवातीला नव्हतं, त्यामुळे काही लोकप्रिय अॅपमध्ये एचडी चित्र दिसत नव्हतं. ते प्रमाणपत्र २०१९ मध्ये अपडेटने आलं. कोणत्या तक्त्यात ही ओळ होती? कुणालाही ती सुचली नव्हती, कारण एवढ्या ताकदीच्या फोनमध्ये ते असणारच असं सगळे धरून चालले होते.

म्हणून भावाला सांगा, डोळे उघडे ठेवूनच घ्यायचा.

पाच वर्षं म्हणालात ना, मग अपडेटचं गणित सगळ्यांत महत्त्वाचं. तक्त्यात नव्या फोनपुढे तुम्ही 'चार वर्षं अपडेट' लिहिलंय. ही वर्षं सहसा फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. शिवाय अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेचे अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत मोठा आकडा कशाचा आहे ते नीट बघा. सुरक्षेचे अपडेट काही कंपन्या दर महिन्याला देतात, काही तीन महिन्यांनी, काही आठवण झाली की. तुमच्या फोनवर विद्यार्थ्यांचे नंबर, पालकांचे पैशाचे व्यवहार आणि बँकेचं अॅप आहे. सुरक्षेचे अपडेट थांबलेला फोन अशा कामाला वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांचे अपडेट जाहीर केले, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस २४ ला तेवढेच. म्हणजे गेल्या वर्षीचा गॅलक्सी एस आज घेतलात तरी त्याची सहाएक वर्षं शिल्लक राहतात. अॅपल असे मोठे आकडे घेऊन फारशी जाहिरात करत नाही, पण तिचा इतिहास बोलका आहे. २०१५ च्या आयफोन ६एस ला २०२१ चं आयओएस १५ मिळालं, २०१८ च्या आयफोन एक्सएस ला २०२४ चं आयओएस १८. नव्या कंपनीचं वचन खोटं आहे असं मी म्हणत नाही. फक्त तिच्या आधीच्या फोनला नवी आवृत्ती इतरांच्या किती महिन्यांनंतर मिळाली ते शोधून काढा. वचन पाळण्याची सवय तिथे दिसते.

या हिशेबाने स्वस्ताईही पुन्हा मोजा. किंमत भागिले शिल्लक अपडेटची वर्षं. तुमच्या तक्त्यातले आकडे मी असे मांडून पाहिले, तर नवा फोन आणि गेल्या वर्षीचा गॅलक्सी यांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो. अँड्रॉइड फोनची किंमत वर्षभरात बरीच उतरते, आणि तो फायदा तुम्हाला मिळतोय.

बॅटरीच्या ओळीत नवा फोन खरोखर पुढे आहे आणि ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्यात सिलिकॉन-कार्बन बॅटरी आहे. नेहमीच्या बॅटरीत लिथियम साठवायला ग्राफाइट असतं. सिलिकॉनमध्ये त्याहून कितीतरी जास्त लिथियम मावतं, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त क्षमता बसते. मात्र चार्ज होताना सिलिकॉन खूप फुगतं, आणि तो ताण आवरण्यासाठी त्याला कार्बनची जोड देतात. हे तंत्र फोनमध्ये २०२३ पासून दिसू लागलं. तेव्हा चार-पाच वर्षांच्या वापरानंतर अशा बॅटऱ्यांचं काय होतं, याचा अनुभव लोकांच्या गाठीशी अजून फार कमी आहे. तुम्हाला मात्र नेमकी चौथ्या-पाचव्या वर्षाची चिंता आहे.

बॅटरीच्या क्षमतेच्या (एमएएच) आकड्याशेजारी चार्ज-चक्रांचा आकडा लिहा, म्हणजे किती वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरते. आयफोन १४ पर्यंत अॅपल हा आकडा ५०० सांगत असे, आयफोन १५ पासून १००० सांगते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनसाठी किमान ८०० चक्रांची अट आहे, आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. तिथल्या फोनवर ऊर्जेचं लेबल असतं. त्यात चक्रांची संख्या, पडल्यावर तगण्याची श्रेणी आणि दुरुस्तीची श्रेणी छापलेली असते, आणि ही माहिती ईप्रेल नावाच्या सरकारी नोंदवहीत इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. युरोपात राहत नसलात तरी तोच फोन तिथे विकला जात असेल तर बघून घ्या. काही फोनची युरोपातली आवृत्ती लहान बॅटरीची असते, तेवढं लक्षात ठेवून.

चार्जिंगच्या वॅटबद्दल थोडक्यात: तो आकडा कमाल असतो, काही मिनिटंच टिकतो, आणि बहुधा कंपनीच्याच चार्जरवर मिळतो. चार्जर हरवला आणि साधा यूएसबी पीडी (अनेक कंपन्यांच्या फोनना चालणारा) चार्जर लावला तर किती वेग मिळतो, ते विचारा.

मेगापिक्सेलची ओळ खोडून टाका. दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात सोळा बिंदूंचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. २०१७ चा पिक्सेल २ मागच्या बाजूला एकच १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन आला आणि त्या काळातल्या सर्वोत्तम फोटो काढणाऱ्या फोनमध्ये गणला गेला, तो प्रक्रियेच्या जोरावर. आणि तुमच्या कामाचा कॅमेरा पुढचा आहे. तुमच्या तक्त्यात त्याला जागाच नाही. खिडकी पाठीमागे असताना चेहरा काळवंडतो का, फळ्यावर फोकस टिकतो का, माइक खोलीतला पंख्याचा आवाज गाळतो का, हे तुमचे प्रश्न. स्क्रीनच्या उजेडाचा जाहिरातीतला कमाल आकडाही पडद्याच्या छोट्याशा भागावर, थोडा वेळ मिळणारा असतो. चारही फोन घरात वापरायला पुरेसे उजळ आहेत, पुढे जाऊया.

रॅमच्या ओळीत नव्या फोनपुढे लिहिलेला आकडा खरा रॅम आणि 'व्हर्च्युअल' रॅम मिळून आहे. व्हर्च्युअल म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा उसना घेतलेला, आणि तो खऱ्या रॅमपेक्षा बराच संथ असतो. तो वजा केलात की नवा फोन आणि गॅलक्सी बरोबरीत येतात. स्टोरेज मात्र जास्त घ्या, किमान २५६ जीबी. गॅलक्सी एस मालिकेत २०२१ च्या एस २१ पासून मेमरी कार्डची सोय नाही, त्यामुळे नंतर वाढवता येणार नाही.

आयफोन का नाही, हेही तुम्ही विचाराल. तापण्यात, अपडेटमध्ये, पुन्हा विकताना मिळणाऱ्या किमतीत तो उत्तम आहे. पण तुमचं शिकवण्याचं साहित्य, विकत घेतलेली अॅप आणि चार वर्षांची सवय अँड्रॉइडची आहे. क्लास चालू असताना ते सगळं हलवण्याची दगदग तुम्हाला परवडेल असं पत्रावरून वाटत नाही. घरात आधीच अॅपलचा लॅपटॉप असता तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

तरीही मन नव्या फोनवरच असेल, तर तीन महिने थांबा. तोवर दोन-तीन अपडेट येतील, लोकांच्या तक्रारी समोर येतील, कदाचित किंमतही खाली येईल. तो फोन तुमच्या नेटवर्कचे ४जी-५जी बँड आणि त्यावरचे कॉल नीट पकडतो का, सर्व्हिस सेंटर हाताशी आहे का आणि स्क्रीन बदलायला किती दिवस लागतात, हेही तोवर कळेल. एरवी दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याला, किंवा हाताशी दुसरा फोन असणाऱ्याला, मी हा नवा फोन आनंदाने घ्यायला सांगितला असता. तुमचा एकच फोन आहे आणि त्यावर घर चालतं.

थांबायचं ठरलंच तर सध्याच्या फोनची बॅटरी अधिकृत ठिकाणी बदलून घ्या, पण त्याला सुरक्षेचे अपडेट अजून येत असतील तरच. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, वाढलेला असतो, त्यामुळे ती लवकर संपते आणि तापतेही जास्त. तुमची निम्मी तक्रार तिथेच कमी होण्याची शक्यता आहे. शिकवताना फोन चार्जिंगला लावू नका आणि मोबाइल डेटाऐवजी वायफाय वापरा. सिग्नल कमजोर असला की मोडेम, म्हणजे फोनमधला नेटवर्कशी जोडणारा भाग, जास्त ताकद लावतो आणि फोन आणखी तापतो.

कोणताही फोन घ्या, परत करण्याची किंवा बदलून मिळण्याची मुदत किती आहे ते आधी विचारा आणि पावती जपून ठेवा. पहिल्या दिवशी सगळे अपडेट करा, डेटा हलवा, मग रात्रभर तसाच राहू द्या, कारण सुरुवातीचे काही तास फोन आतल्या आत बरीच कामं उरकत असतो आणि एरवीपेक्षा जास्त तापतो. दुसऱ्या दिवशी सहकारी मैत्रिणीला पलीकडे बसवा आणि नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या वेळी, पूर्ण दोन तासांचा क्लास घ्या. तिला तिच्या बाजूने रेकॉर्डिंग करायला सांगा आणि शेवटची वीस मिनिटं दोघी मिळून बघा. त्यात चित्र अडकलं किंवा आवाज तुटला, तर आधी वायफाय तपासा आणि दुसऱ्या फोनवरून तोच प्रयोग करा. तिथे सगळं सुरळीत चाललं, तर मुदत संपायच्या आत नवा फोन परत द्या, मग तो मी सुचवलेला गॅलक्सी असला तरी.